नवा छोटा डीएसएलआर येतोय म्हणे! थांबायचं की आहे तोच घ्यायचा?

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस दुकानाच्या दारापर्यंत पोचतो आणि तिथेच अडतो, कारण कुणीतरी कानात सांगितलेलं असतं, "जरा थांब, नवा छोटा डीएसएलआर येतोय." कधी येतोय, केवढ्याला येतोय, हे सांगणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. पण शंका एकदा मनात शिरली की निघत नाही. मग गणपती जातात, दिवाळी जाते, घरातल्या लेकराचं पहिलं वर्ष सरतं आणि कॅमेरा काही घरात येत नाही.

हा लेख अशा अडलेल्या माणसासाठी आहे. अशी बातमी हाती आली की ती कशी तपासायची, त्यातलं काय होण्यासारखं आहे आणि काय नाही, आणि शेवटी पैसे कशावर घालायचे, हे एकेक पायरीने बघू. डीएसएलआर म्हणजे आत हलणारा आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. उदाहरणाला कॅननची सर्वांत छोट्या डीएसएलआरची मालिका घेतली आहे. तिचे तीन कॅमेरे येऊन गेले आहेत, त्यामुळे अंदाज बांधायला भक्कम आधार मिळतो.

पायरी १: कॅमेऱ्याचं नाव नीट ओळखा

निम्म्या अफवा नावांच्या गोंधळातून जन्माला येतात. २१ मार्च २०१३ रोजी जाहीर झालेला ईओएस १००डी अमेरिकेत रेबेल एसएल१ म्हणून विकला गेला आणि जपानमध्ये किस एक्स७ म्हणून. २९ जून २०१७ ला आलेला २००डी म्हणजेच एसएल२ आणि किस एक्स९. १० एप्रिल २०१९ चा तिसरा कॅमेरा युरोपात २५०डी, अमेरिकेत एसएल३, जपानमध्ये किस एक्स१० आणि आपल्याकडे २००डी मार्क टू.

म्हणजे "२५०डी भारतात कधी येणार?" ह्या प्रश्नाचं उत्तर, तो केव्हाच आला आहे, असं आहे. दुकानात ज्याला "टू हंड्रेड डी टू" म्हणतात तोच तो. १५००डी आणि ३०००डी ह्यांचंही तसंच, बाहेर ते २०००डी आणि ४०००डी आहेत. पण हे दोघे छोट्या कॅमेऱ्यांच्या घराण्यातले नाहीत, स्वस्त कॅमेऱ्यांच्या घराण्यातले आहेत. ३०००डीची लेन्स बसवायची कडीसुद्धा प्लास्टिकची आहे. "एंट्री लेव्हल" एवढंच ऐकून ह्या दोन घराण्यांची सरमिसळ करू नका.

तेव्हा कुणी नवीन नाव सांगितलं की सर्वांत आधी ते जुन्याच कॅमेऱ्याचं दुसऱ्या देशातलं नाव तर नाही ना, हे बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच वावड्या इथेच खाली येतात.

पायरी २: बातमी कुठून निघाली ते बघा

सगळ्या अफवा सारख्या वजनाच्या नसतात. सर्वांत भरवशाचा सुगावा सरकारी नोंदणीतून लागतो. कॅमेऱ्यात वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलं की तो विकण्याआधी रेडिओ लहरींची परवानगी काढावी लागते. अमेरिकेत ते काम एफसीसी बघते, आपल्याकडे दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग. तिथे नवा सांकेतिक क्रमांक दिसला की कंपनी काहीतरी आणते आहे एवढं नक्की. कॅननच्या डीएसएलआरच्या तळाशी जे लेबल असतं त्यावर डीएस१२६ पासून सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तोच हा. अशा नोंदीत किंमत नसते, मेगापिक्सेल नसतात आणि बाजारात येण्याची तारीखही नसते. त्या तीन गोष्टी नोंदीच्या नावावर कुणी तुम्हाला सांगत असेल, तर त्या पदरच्या आहेत असं समजा.

त्याखालोखाल कॅमेऱ्याचा फोटो. त्याच्याही खाली दुकानदारानं सांगितलेली तारीख. दुकानदाराला बहुतेकदा वितरकानं सांगितलेलं असतं आणि वितरकाला जुना माल आधी खपवायचा असतो किंवा नव्याचं आगाऊ बुकिंग घ्यायचं असतं. आणि सर्वांत तळाशी लोकांच्या इच्छांची यादी. "ह्यावेळी ४५ फोकस पॉइंट (चौकटीतल्या फोकस धरायच्या जागा) देणार, बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, देणार" हे वाक्य "द्यावं" असं सुरू होतं आणि चार जणांच्या तोंडून फिरून "देणार" होतं.

बातमी शिळी आहे का, हेही तपासा. "फोटोकिनात जाहीर होणार" असं त्यात असेल तर ती बाद. कोलोनचं ते मोठं प्रदर्शन २०१८ मध्ये शेवटचं भरलं आणि २०२० मध्ये आयोजकांनी ते बेमुदत थांबवलं. जपानच्या योकोहामात फेब्रुवारीच्या सुमारास भरणारं सीपी प्लस हे प्रदर्शन अजून चालू आहे, त्यामुळे त्याच्या आधी महिनाभर अफवांना ऊत येतो.

अफवा आणि अधिकृत विधान ह्यांतलं अंतर कळायला दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई ह्यांनी योमिउरी शिंबुन ह्या जपानी दैनिकाला सांगितलं की १डी एक्स मार्क थ्री हा त्यांचा शेवटचा सर्वोच्च दर्जाचा डीएसएलआर असेल. त्याच मुलाखतीत, परदेशांत नवशिक्या आणि मध्यम वर्गातल्या डीएसएलआरना अजून मागणी आहे, तेव्हा ते तूर्त चालू राहतील, असंही होतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं मागे राहिलं. दुसरा प्रसंग जुलै २०२२ चा. निक्केई ह्या दैनिकानं निकॉन एसएलआरचं काम थांबवतंय अशी बातमी दिली. निकॉननं लगेच निवेदन काढलं की हा तर्क आहे, आम्ही तसं जाहीर केलेलं नाही, उत्पादन, विक्री आणि सेवा चालू आहे. आता ते निवेदन सावकाश वाचा. त्यात उत्पादन, विक्री आणि सेवा हे तीन शब्द आहेत. नव्या कॅमेऱ्याचं वचन कुठेच नाही. कंपनीचं निवेदन वाचताना काय लिहिलंय ह्याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही बघावं लागतं.

पायरी ३: आधीच्या तीन कॅमेऱ्यांची कुंडली मांडा

माझ्या मते सर्वांत उपयोगाची पायरी ही. कंपनी पुढे काय करेल हे कळायला तिनं मागे काय केलं ते बघावं. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा: १००डी, २००डी, २५०डी.

सेन्सर (चित्र टिपणारी चिप): १८ मेगापिक्सेल, मग २४.२, मग २४.१. प्रोसेसर: कॅननचा डिजिक, अनुक्रमे ५, ७, ८. बॅटरीवर व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) निघणारे फोटो, मानक चाचणीनुसार: ३८०, ६५०, १०७०. वजन बॅटरी आणि कार्डासकट: ४०७ ग्रॅम, ४५३ ग्रॅम, ४४९ ग्रॅम. अमेरिकेत १८-५५ किट लेन्ससह (कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या साध्या लेन्ससह) सुरुवातीची किंमत: साधारण ८००, ७०० आणि ७५० डॉलर.

आता व्ह्यूफाइंडरमधले फोकस पॉइंट लिहा. नऊ. नऊ. नऊ. त्यांतही क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, पॉइंट फक्त मधला एक. प्रकाश मोजणारा सेन्सर तिन्हींत ६३ भागांचाच. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारं चित्र तिन्हींत प्रत्यक्ष फोटोच्या ९५ टक्के. सहा वर्षांत कंपनीनं ह्या तीन गोष्टींना हात लावला नाही. वरच्या वर्गातल्या, २०१७ मध्येच आलेल्या ८००डीमध्ये ४५ पॉइंट आहेत, म्हणजे तंत्र घरात होतं. पण छोट्या घराण्याला ते दिलं नाही, कारण दिलं असतं तर वरचा महाग कॅमेरा कुणी घेतला असता?

ज्या बाजूनं सुधारणा झाली ती बाजूही कागदावर दिसते. २००डीमध्ये सेन्सरवरूनच वेगानं फोकस करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत आली, बाहेर उघडून फिरणारी टच स्क्रीन आली. २५०डीमध्ये स्क्रीनवर बघून फोटो काढताना माणसाचा डोळा ओळखणं आलं आणि ४के व्हिडिओ आला. म्हणजे सगळा खर्च मागच्या स्क्रीनवर. आरसा वर उचलून ठेवला की हा कॅमेरा मिररलेससारखं, म्हणजे आरसाच नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यासारखं काम करतो, आणि डोळ्याला लावला की २०१३ सालात जातो. हे वाचून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मधला पॉइंट वापरून, फोकस धरून मग कॅमेरा सरकवून चौकट जुळवायची सवय केली तर त्या नऊ पॉइंटांवर उत्तम फोटो निघतात. मात्र उडत्या पक्ष्याच्या मागे लागायचं असेल तर ह्या घराण्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता अंतर मोजा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सव्वाचार वर्षं. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत पावणेदोन. तिसऱ्यानंतर काहीच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच वरच्या वर्गातला ८५०डी जाहीर झाला आणि तिथून पुढे कॅननच्या डीएसएलआरच्या रकान्यात नवी ओळ पडलेली नाही. ज्या विहिरीतून ह्या छोट्या कॅमेऱ्यांना पाणी मिळायचं, म्हणजे वरच्या वर्गातले नवनवे डीएसएलआर, ती विहीरच बंद झाली आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पायरी ४: किती छोटा होऊ शकतो, ते आरशाला विचारा

"आधीच्यापेक्षा निम्मा पातळ" अशी बातमी आली की तिला लगेच ह्या पायरीवर उभी करा.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, वर फेकला जातो, दुधी काचेवर चित्र उमटतं आणि वरच्या आरशांच्या घुमटातून ते सुलटं होऊन डोळ्यापर्यंत येतं. फोटो काढताना आरसा वर उडतो, शटर उघडतं, उजेड सेन्सरवर जातो. आरसा हलायला जागा हवी. म्हणून कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या पद्धतीत) लेन्सच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिलिमीटर ठरलेलं आहे, १९८७ पासून. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ आहे. हे अंतर बदललं तर आजवरच्या लेन्सचं फोकसचं गणित बिघडतं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे कॅननच्या आरएफ माउंटला २० मिलिमीटर पुरतात आणि निकॉनच्या झेडला १६.

कागदावर परत जा आणि जाडी लिहा. १००डी: ६९.४ मिलिमीटर. २००डी आणि २५०डी: ६९.८. सहा वर्षांत जाडी कमी झालीच नाही, किंचित वाढली. रुंदी ११६.८ वरून १२२.४ झाली. सर्वांत छोटा कॅमेरा ह्या मालिकेतला पहिलाच होता.

इतर कंपन्यांनीही हे करून पाहिलं आहे. निकॉननं २००६ च्या नोव्हेंबरमध्ये डी४० छोटा आणि स्वस्त केला आणि बॉडीतली फोकसची मोटर काढून टाकली, त्यामुळे ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नव्हती त्या डी४० वर हातानं फिरवून फोकस करायची वेळ आली. त्याच वाटेनं चालत आलेल्या डी३५०० ची २०१८ साली नुसती बॉडी ३६५ ग्रॅमवर आली, हे खरोखर कौतुकाचं काम होतं, पण मोटर तिच्यातही नाही. ऑलिंपसनं लहान सेन्सर घेऊन २००८ मध्ये ई-४२० हा ३८० ग्रॅमचा डीएसएलआर काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मिळून आरसाच काढून टाकणारी मायक्रो फोर थर्ड्स पद्धत जाहीर केली. डीएसएलआर छोटा करत गेलं की एका टप्प्यावर कापायला फक्त आरसा उरतो. आणि तो कापला की तो डीएसएलआर राहत नाही.

ह्याच पायरीवर आणखी एक दावा निकालात निघतो: बॉडीत सेन्सर हलवून केलेलं स्टॅबिलायझेशन. कॅननच्या एकाही डीएसएलआरमध्ये ते नव्हतं. त्यांनी ते पहिल्यांदा २०२० मध्ये आर५ आणि आर६ ह्या मिररलेसमध्ये दिलं. सर्वांत स्वस्त डीएसएलआरमध्ये ते अवतरेल ह्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ५: काय काढून टाकलं जाईल, तेही विचारा

नवा कॅमेरा म्हणजे सगळं जास्तच, असं धरून चालू नका. निकॉनच्या डी३३०० ला बाहेरचा माइक लावायची सोय होती, पुढच्या डी३४०० ला ती नव्हती. २००डीच्या फ्लॅश लावायच्या खाचेत मधली पिन होती. २५०डीमध्ये, म्हणजे आपल्या २००डी मार्क टूमध्ये, ती काढून टाकली. परिणाम असा की चिनी बनावटीचे साधे स्वस्त फ्लॅश आणि स्टुडिओतले ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारी उपकरणं) त्यावर चालत नाहीत, कॅननच्या भाषेत बोलणारेच फ्लॅश चालतात. छोट्या गावात लग्नाची कामं घेणाऱ्या मुलानं काकांचा जुना फ्लॅश वापरायच्या हिशेबानं हा कॅमेरा घेतला, तर पहिल्याच हळदीला अडचण येईल. दुकानात जाताना आपला फ्लॅश बरोबर न्या, खाचेत सरकवा आणि तो पेटतो का ते तिथेच बघा.

तसंच २५०डीच्या ४के चं. त्यात चित्र बरंच कापलं जातं, त्यामुळे छोट्या खोलीत सगळे जण मावत नाहीत, आणि ड्युअल पिक्सेलचा झरझर फोकसही ४के मध्ये चालत नाही. व्हिडिओ मुख्य असेल तर फुल एचडीवरच काढा. खोक्यावरचा "४के" बघून निर्णय घेऊ नका.

पायरी ६: बॉडीचं नाही, सगळ्या पिशवीचं वजन करा

छोटा कॅमेरा हवाय म्हणणाऱ्या माणसाला खरं तर हलकी पिशवी हवी असते. २५०डी ४४९ ग्रॅम आणि त्याची १८-५५ किट लेन्स २१५ ग्रॅम, मिळून ६६४. मिररलेसमधला कॅनन आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ आणि त्याची १८-४५ लेन्स १३०, मिळून ५०५. फरक १५९ ग्रॅमचा. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढताना हा फरक गळ्याला जाणवतो, घरात बारसं टिपताना जाणवत नाही.

पण ५५-२५० टेलिफोटो लावली की ती एकटीच ३७५ ग्रॅम भरते. भिगवणला रोहित बघायला जाणार असाल तर बॉडी ४० ग्रॅमनं कमी झाली काय आणि वाढली काय, सारखंच. उलट, डीएसएलआरच खरोखर छोटा हवा असेल तर उत्तर लेन्समध्ये आहे. ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ ही चपटी लेन्स १२५ ग्रॅमची आहे. ती लावलेला २००डी खांद्याच्या साध्या झोळीत मावतो आणि घरातल्या, रस्त्यावरच्या फोटोंना ती लेन्स छान बसते. नव्या कॅमेऱ्याच्या अफवेकडे बघत बसलेल्या कित्येकांचं काम ह्या एका सेकंडहँड लेन्सनं भागेल.

आणि हातात धरून बघा. हे लिहून वाचून कळत नाही. उजव्या हाताची तीन बोटं पुढच्या मुठीवर बसतात का, की करंगळी बॉडीच्या खाली लोंबते? १००डीची मूठ उथळ आहे, मोठा पंजा असलेल्याची करंगळी तिथे हमखास सुटते. टेलिफोटो लावून दोन मिनिटं डोळ्याला धरून उभे राहा. मनगट कुरकुरायला लागलं तर तो कॅमेरा तुमच्यासाठी जास्तच छोटा आहे. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, तेही बघा.

पायरी ७: आता ठरवा

माझं मत स्पष्ट सांगतो. नव्या छोट्या डीएसएलआरसाठी थांबू नका. वरच्या सगळ्या पायऱ्या एकाच दिशेला बोट दाखवतात: आरशामुळे तो फार छोटा होऊ शकत नाही, कंपनीच्या सवयीमुळे तो फार सुधारू शकत नाही, आणि कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे. समजा उद्या आलाच, तरी तो २५०डीमध्ये नवा प्रोसेसर घातलेला असण्याचीच शक्यता जास्त. अपवाद पेंटॅक्सचा. ते नाव आता रिको कंपनीकडे आहे आणि तिनं डीएसएलआरची साथ सोडलेली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी केएफ जाहीर केला, तोही पावसाच्या शिंतोड्यांना दाद न देणारा आणि पूर्ण चित्र दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरचा. पण तो हलका नाही, आणि त्याच्या लेन्स आपल्या बाजारात शोधत फिरावं लागतं.

मग घ्यायचं काय? ज्यांना काचेतून थेट दृश्य बघायला आवडतं, एका बॅटरीत अख्खं लग्न काढायचं आहे आणि सेकंडहँड लेन्सवर हौस भागवायची आहे, त्यांनी २००डी मार्क टू मिळेल तिथे घ्यावा. नवा मिळत नसेल तर नीट वापरलेला. ईएफ लेन्सवर घातलेले पैसे वाया जात नाहीत. कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावला की त्या मिररलेसवर फोकससकट चालतात. उलटं मात्र होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसतच नाही.

ज्यांना छोटेपणाच हवा आहे, मुलांच्या मागे धावत फोटो काढायचे आहेत किंवा व्हिडिओ करायचे आहेत, त्यांनी सरळ आर५० सारखा मिररलेस घ्यावा. डोळा ओळखून फोकस धरणं त्यात व्ह्यूफाइंडरमधूनही चालतं, आणि तेच तर डीएसएलआरच्या अफवांमध्ये लोक मागत असतात. त्याला लागणारी एलपी-ई१७ बॅटरी २००डी आणि २००डी मार्क टूचीच आहे. एक जादा बॅटरी मात्र घ्याच, मिररलेस बॅटरी भरभर खातो. जुना फ्लॅश थेट बसणार नाही, मध्ये वेगळा जोड लागतो. लेन्सची निवड सुरुवातीला फार तोकडी होती, २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉननं आरएफसाठी लेन्स आणायला सुरुवात केल्यावर बरी झाली आहे. त्याच घरातला आर१०० आणखी स्वस्त आणि ३५६ ग्रॅमचाच आहे, पण त्याची स्क्रीन फिरतही नाही आणि बोटानंही चालत नाही. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना तो दोन दिवसांत नकोसा होतो.

थांबणं शहाणपणाचं ठरतं ते एकाच बाबतीत: दसरा-दिवाळी महिन्याभरावर आली असेल आणि तुम्हाला घाई नसेल. सणाच्या सवलतीत लेन्स, कार्ड, बॅग बरोबर मिळून जातात. बाजारातल्या तुरीसाठी थांबण्यात मात्र काही हशील नाही.

पायरी ८: खरेदी करताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फिरलात तर एकाच कॅमेऱ्याच्या दोन किमती ऐकू येतील, बिलासह आणि बिलाशिवाय. बिलाशिवायचा माल बहुधा ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेला असतो, त्यावर भारतातली वॉरंटी मिळत नाही. पहिला कॅमेरा बिलानंच घ्या. कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो तेवढाच लावलाय ना बघा. फोटोग्राफीचा धंदा करणार असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर ह्या कराची वजावट मिळते, तेव्हा बिलावर आपला नोंदणी क्रमांक घालून घ्या. अफवांमधल्या डॉलरच्या किमतीला नुसतं रुपयांनी गुणू नका, अमेरिकेतली जाहीर किंमत विक्रीकर सोडून असते.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा उडालं आहे ते विचारलं जातं. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, एक जेपीईजी घेऊन बघता येतो. कॅननच्या ह्या कॅमेऱ्यांत तसा मिळत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका. त्यापेक्षा झिजलेल्या खुणा बघा: शटरच्या बटणाची चकाकी, मुठीवरचं रबर सुटलंय का, तळाचा स्क्रू, फिरत्या स्क्रीनची बिजागरी. मग एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण किंमत पाडून मागायला कारण मिळतं.

लेन्सकडे जास्त वेळ द्या. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा दिवा एका टोकाकडून तिरका मारा आणि दुसऱ्या टोकातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा धुकट डाग दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोवा इथल्या लेन्सना पावसाळ्यात ती हमखास लागते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी आपल्या चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नका. आणि आपला कॅमेरा घरी आल्यावर तो जूनमध्ये बॅगेत कोंबून कपाटात टाकू नका. किराण्याच्या दुकानात मिळणारा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनएकशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की त्या बदला.